सुपापोर्नबाईंची बरणी

नीलांबरीकाकूंनी एकोणतीस वर्षं मोडक्या वस्तू पाहिल्या. मिशिगनमधल्या ट्रॉयजवळच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये त्या होत्या. गाडीच्या स्पार्क प्लगमध्ये पांढरी सिरॅमिकची नळी असते, ती फुटली की तिचे तुकडे पाकिटात घालून काकूंच्या टेबलावर यायचे. चूक कोणाची, कारखान्याची, मेकॅनिकची की गाडी चालवणाऱ्याची, हे काकूंनी सांगायचं. नागपूरला मेटलर्जीच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी. लग्न होऊन मिशिगनला आल्या, दोन मुलं वाढवली, आणि उरलेला सगळा वेळ भिंगाला डोळा लावून काढला.

गेल्या वर्षी त्या रिटायर झाल्या. कंपनीनं केक कापला, आणि पुढच्या सोमवारपासून काकूंना काय करावं ते कळेना. झुंबा करून पाहिला. महाराष्ट्र मंडळाच्या स्टेज कमिटीत गेल्या, तिथे खुर्च्यांच्या रांगांवरून वाद घालून परत आल्या.

"हिमानी, मला आता कोणी काही विचारतच नाही गं," एकदा चहा गाळताना त्या मला म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारची. पुण्याहून जॉबसाठी आले तेव्हापासून माझा संध्याकाळचा चहा त्यांच्याकडेच.

मार्चमध्ये मी ऑफिसच्या लोकांबरोबर एका थाई रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेले होते. काउंटरवर एक छापील कागद पडला होता: 'जुन्या थाई भांड्यांचं छोटं म्युझियम. शनिवारी अकरा ते तीन. बेल वाजवा आणि थोडं थांबा, माझे गुडघे दुखतात.' मी गंमत म्हणून फोटो काढून काकूंना पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"उद्या शनिवार आहे," काकू म्हणाल्या. "मी साडेदहाला तयार असेन. तुझे काका मॅच बघत बसणार आहेत, त्यांचं सोड."

चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून आम्ही पोचलो, तर ते एका जुन्या डेंटिस्टचं क्लिनिक निघालं. दाराच्या काचेवर दाढेचं चित्र अजून पुसट दिसत होतं. बेल वाजवली, थांबलो, आणखी थांबलो. मग जांभळ्या स्वेटरमधल्या एका छोट्याशा बाईंनी दार उघडलं. त्या सुपापोर्नबाई. वय ब्याऐंशी. पन्नासएक वर्षांपूर्वी नर्स म्हणून बँकॉकहून डेट्रॉइटला आल्या. क्लिनिक त्यांच्या नवऱ्याचं, आणि भांडी गोळा करायचा नादही त्यांचाच. ते गेल्यावर बाईंनी दातांच्या खुर्च्या काढून टाकल्या आणि तिथे काचेची कपाटं आणली. दोन खोल्या, एकशे चाळीस भांडी.

"हात लावायचा नाही," त्यांनी आधीच बजावलं. काकूंनी शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मला सगळी भांडी आधी सारखीच वाटली. मग काकू बोलायला लागल्या. एका उथळ वाडग्याच्या तळाशी काळ्या रंगानं मासा काढला होता, चारच फटकाऱ्यांत, पण असा वळलेला की आत्ता शेपटी मारेल. थायलंडमधल्या सुखोथाईचा, सहाशे वर्षांपूर्वीचा, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. माशाच्या अंगावर पाच बारीक खुणा होत्या.

"डाग पडलेत," मी म्हटलं.

"डाग नाहीत गं ते!" काकूंचा आवाज चढला. "भट्टीत वाडग्यात वाडगा रचला असणार. चिकटू नयेत म्हणून मध्ये पाच पायांची चकती. मोज ना, पाच आहेत. कोणीतरी ही चकती हातानं ठेवली, वरचा वाडगा ठेवला, मग त्यावर अजून एक. जागा वाचवत होता बघ तो. आमच्या प्लँटमध्ये सुद्धा रात्रंदिवस हेच चालायचं, भट्टीत माल जास्तीत जास्त कसा बसवायचा!"

पुढच्या कपाटात शेवाळी हिरव्या रंगाची ताटं होती. काकू कपाटासमोर चक्क जमिनीवर बसल्या. "हा हिरवा कशाचा, माहितेय? लोखंडाचा. गंजतं तेच लोखंड. भट्टीत हवा कोंडली की तेच हिरवं होतं, मोकळी सोडली तर तपकिरी. थर्मामीटर नाही, काही नाही, नुसता जाळ बघून करायचे यार हे लोक!"

काकूंच्या तोंडून 'यार' मी पहिल्यांदाच ऐकलं. सुपापोर्नबाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्या आता आमच्यामागून कपाटाकपाटाला येत होत्या, आणि काकू इंग्रजीत सांगायला लागल्या की मान डोलवत होत्या. पहिल्या खोलीतच पाऊण तास गेला.

दुसऱ्या खोलीत सगळ्यात खालच्या फळीवर हिरवट रंगाची एक मोठी बरणी होती, खांद्यावर दोन छोटे कान असलेली. तिची नक्षी भिंतीकडे होती आणि कोरी बाजू आपल्याकडे.

"ही उलटी का ठेवलीय?" काकूंनी विचारलं.

 बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

ही बरणी त्यांच्या नवऱ्याची पहिली खरेदी. लग्नानंतर दोघांनी मिळून बँकॉकच्या एका दुकानातून आणलेली. डेट्रॉइटला पेटीतून बाहेर काढल्यावर बाईंनी ती हौसेनं गरम पाण्यात धुतली, आणि पाहतात तो नक्षीवरूनच वीतभर तडा.

"ते मला एक शब्द बोलले नाहीत," बाई म्हणाल्या. "पण त्या दिवसापासून प्रत्येक भांडं त्यांनी स्वतः धुतलं. मला कधी दिलं नाही. पन्नास वर्षं मी फक्त धूळ झटकते."

काकूंनी पाठीमागचे हात सोडले. "मी बघू का? हे माझं काम होतं."

बाईंनी बराच विचार केला. शेवटी टेबलावर जाड टॉवेल अंथरला, आणि मी ती बरणी उचलून त्यावर ठेवली.  काकूंनी पर्समधून भिंग काढलं, मला फोनचा टॉर्च धरायला लावला आणि वाकल्या. इकडून, तिकडून, खालून. मला वाटलं आता काही तरी दिलासा द्यायचा म्हणून देतील. पण काकू तशा नाहीत. लॅबमध्ये त्यांनी खुद्द मॅनेजरची चूक मॅनेजरलाच लिहून दिली होती.

"हिमानी," त्या हळूच म्हणाल्या, "हा तडा या बाईंनी पाडलेलाच नाही."

"नक्की?"

"अगं, वरचा काचेसारखा थर बघ. तो तड्याच्या कडेवरून आत ओघळलाय. भट्टीत वितळलेला असताना ओघळला. म्हणजे तडा त्याच्याही आधीचा. चिक्कीचं समज. पाक गरम असताना भेग पडली तर कड गोल होते. गार झाल्यावर मोडलीस तर कड धारेची."

मग त्या बाईंकडे वळल्या आणि इंग्रजीत सगळं पुन्हा सांगितलं. बाईंचा विश्वास बसेना. "पण मी स्वतः पाहिलं. धुण्याच्या आधी काही नव्हतं!"

"होतं. झाकलेलं होतं. आत खोलवर पिवळट मेण दिसतंय अजून. दुकानदारानं मेणात रंग कालवून चीर बुजवली होती. गरम पाण्यानं मेण वितळलं, एवढंच झालं."

 काकूंनी बाईंचं बोट हातात घेतलं आणि तड्याच्या कडेवरून सावकाश फिरवलं.

"टोचतंय?"

"नाही. गुळगुळीत आहे."

"तुमच्याकडे एखादं फुटकं खापर आहे?"

बाईंनी खण उघडून एक तुकडा दिला. काकूंनी त्याच्या कडेला त्यांचं बोट नुसतं टेकवलं. बाईंनी झटकन हात मागे घेतला.

"हे नंतर फुटलेलं," काकू म्हणाल्या. "आणि तुमची बरणी भट्टीतच तडकली, पाच-सहाशे वर्षांपूर्वी. तुम्ही काहीही केलेलं नाही."

"पुन्हा सांगा," सुपापोर्नबाई म्हणाल्या.

काकूंनी पुन्हा सांगितलं. बाई उठल्या, भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोसमोर गेल्या आणि थाईमध्ये भराभर काहीतरी बोलल्या. स्वर भांडणाचा होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि वळल्या तेव्हा त्या हसत होत्या. "मी त्यांना म्हटलं, पन्नास वर्षं भांडी घासलीत, बरं झालं!"

आम्ही तिघी इतक्या हसलो की टॉर्च धरलेला माझा हात हलून सगळ्या कपाटांवर उजेड नाचला. मग बाईंनी क्लिनिकच्या जुन्या बेसिनपाशी जाऊन नळ सोडला, कोमट पाणी हाताला लावून पाहिलं, आणि माशाचा तो वाडगा काढून स्वतःच्या हातांनी धुतला. आधी भराभर, मग अगदी सावकाश. काकूंनी पुसायला टॉवेल पुढे केला.

परतताना काकू गाडीत अखंड बोलत होत्या. मी एक एक्झिट चुकले तरी त्यांना कळलं नाही. पुढच्या शनिवारी त्या एकट्याच गेल्या, काकांची गाडी घेऊन, आणि नंतर दर शनिवारी. आता दोघी मिळून एकेक भांडं काढतात, धुतात, भिंगाखाली धरतात. काकू वहीत टिपतात, कुठलं भट्टीत वाकलं, कुठलं जोडलेलं आहे, कुठलं बुडालेल्या जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशी होतं.

मे महिन्यात मी पुन्हा गेले, तेव्हा एक सुबक हिरवं ताट टेबलावर होतं. बाईंच्या नवऱ्याचं सगळ्यात लाडकं. ते मिळावं म्हणून त्यांनी बँकॉकचा मुक्काम तीन दिवस वाढवला होता. काकू भिंग हातात फिरवत अवघडून उभ्या होत्या.

"बोला," सुपापोर्नबाई म्हणाल्या.

"नवीन आहे," काकू म्हणाल्या. "फार तर साठ वर्षांचं. जुनं दिसावं म्हणून वरचे ओरखडे मुद्दाम काढलेत."

बाईंनी ताट उचलून उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. "छान आहे हो," त्या म्हणाल्या. "मग यात आपल्याला खाता येईल." आणि आतून नारळाच्या दुधातला गोड भात आणि आंब्याच्या फोडी घेऊन आल्या.