शब्द एकच, रकाने दोन

वेल्ह्यातल्या माझ्या पर्यटक निवासाची वेबसाइट करणारा माणूस नसरापूरला मोबाईलच्या दुकानाच्या माळ्यावर बसतो. कुठलंही पान करताना तो प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारतो, "ह्ये उद्या बदलंल का?" खालच्या टपरीवरचा भावफलकही तो तसाच वाचतो. जे बदलेल त्याचा वेगळा रकाना करतो. मग तिथं एकदा बदललं, की सगळ्या पानांवर बदलतं.

माझ्यासाठी त्यानं तालुक्याचा एक रकाना केला आणि गावाचा दुसरा. दोन्हींत 'वेल्हे' भरून मी म्हटलं, "अरे, शब्द एकच आहे की."

"आज हाय," स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला.

पुढं तालुक्याचं नाव राजगड झालं, गावाचं मात्र वेल्हेच राहिलं. शेजारच्या निवासवाल्यानं आपल्या वेबसाइटवर सरसकट वेल्हे पुसून राजगड केलं, आणि त्याचे पाहुणे राजगड किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन बसले. मी तालुक्याचा रकाना तेवढा बदलला. माझे पाहुणे वेल्ह्याच्या स्टँडवर बिनचूक उतरले.

त्या खुशीत मी बाकीचे रकानेही पाहिले. भाडं, जेवणाची वेळ, फोन आणि सगळ्यात खाली 'मालकाचं नाव'.

तोही बदलता येतो. त्याबद्दल मी नसरापूरच्या त्या माणसाला अजून विचारलेलं नाही.