दुपट्याची चौथी बाजू

मोबाइलवर दिसणारा माणूस खरोखर आपल्या घरी आलेला असतो, असं मानणारी बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असावी. ती म्हणजे देवळीची माझी मोठी आई, वडिलांची थोरली वहिनी. मी कॉलेजसाठी नालवाडीत खोली करून राहते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मला सगळं जमतं असा तिचा समज आहे. तो मोडायचं धाडस मला होत नाही.

तिच्या लेकीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले. बाळाच्या दुपट्याला क्रोशाची लेस लावायला घेतली आणि तीन बाजू झाल्यावर मोठ्या आईची बोटं आखडली. बारीक सुई धरवेना. चौथी बाजू माझ्याकडे आली. व्हिडिओ कॉलवर ती जाड सुतळीवर टाके दाखवायची, मी इकडे दोऱ्यावर उतरवायचे.

कॉल लागला की पहिला प्रश्न, "चपला काढून बसली काय वं?" मी खाटेवर असूनही पायांकडे बघायचे. चित्र अडकलं की तीही सुतळी हवेत धरून थांबायची, मधला टाका माझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणून. एकदा रेंज आली तरी ती हलेना.

"मोठी आई, सुरू झालं ना."

"तू हाल आधी. तूच अडकून राह्यली."

पोरीबाळींना कुंकवाशिवाय पाठवायचं नाही, म्हणून एका संध्याकाळी तिनं माझ्या कपाळाच्या अंदाजानं बोट टेकवलं, ते नेमकं कॅमेऱ्यावर. चार दिवस मी लाल धुक्यातून खांबाचे टाके विणायला शिकले.

बाळंतपण आठवड्यावर आलं तेव्हा माझी बाजू पुरी झाली. आणि दिसलं, लेसमधली तिची पानं उजवीकडे कललेली, माझी डावीकडे. समोर बघून आरशासारखी नक्कल करताना मी सुई डाव्या हातात धरली होती, ते छोट्या पडद्यात दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. पुन्हा विणायला वेळ नव्हता. मी भीतभीत देवळीची बस धरली.

तिनं चारही कडांवरून बोट फिरवलं. माझ्या बाजूवर जरा थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "तीन बाजू आजीच्या, एक मावशीची. लेकराले समजलं पाह्यजे."

मग ती घडी घालू लागली, पण बोटं जमेनात. तिनं दुपटं माझ्याकडे सरकवलं.

"तू घाल. तुझी बाजू वरती ठेवजो."