शेजारचं घर चालत नाही

कॉलेजातल्या मानसशास्त्र विभागाच्या पाहण्यांसाठी मावशी बावीस वर्षं दारोदार हिंडल्या. शिक्षण जेमतेम दहावी, पण नमुना कसा निवडावा हे त्यांच्याकडूनच ऐकावं. अख्ख्या शहरातून चिठ्ठ्या काढल्यासारखी दोनशे घरं निवडायची. कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरात शिरायचं नाही, तीन खेपा घालायच्या. "घरी सापडतात त्यांनाच विचारलंत, तर सगळं शहर घरीच बसतं असं निघेल," असं त्या नव्या मुलींना सुनवायच्या. उत्तर सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही, छापलंय तेवढंच वाचायचं. स्वतःच्या घरात मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा, ती गोष्ट वेगळी.

एकटेपणाच्या पाहणीत त्यांच्या यादीत दादांचं घर निघालं. सख्खा थोरला भाऊ. आईच्या आजारपणात दोघं एकमेकांना नाही नाही ते बोलले, त्याला सहा वर्षं झाली होती. नात्यातलं घर निघालं तर दुसरीला पाठवायचं, हाही नियमच होता. मावशी गप्प बसल्या. जायला निमित्त हवंच होतं की त्यांना.

दोनदा त्या गल्लीच्या तोंडावरूनच परतल्या. तिसऱ्यांदा 'घर बंद' लिहिलं असतं तरी कोणी विचारणार नव्हतं, पण खोटं लिहायला हात धजेना.

दार दादांनीच उघडलं. सहा वर्षांनी भावाशी बोलायचं आणि तेही छापील 'आपण' म्हणत. मावशी कागदावरून मान वर न करता वाचत राहिल्या.

"अडीअडचणीला आपण हाक मारू शकाल अशी किती माणसं आहेत?"

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. "शून्य."

मावशींनी कागदावर पेन टेकवलं. तिथं एक लिहायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी शून्यच लिहिलं.

"या अभ्यासासाठी पुन्हा भेटायला आलं तर चालेल का? हो की नाही?"

"अभ्यासासाठी नाही."

मावशींनी 'नाही'वर खूण केली आणि त्या उठल्या.

"झालं तुझं लिहून?" दादा म्हणाले. "मग ते कागद ठेव बाजूला आणि बस. केवढी वाळलीयेस."

मावशी तिथंच रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागातल्या बाईंना सगळं सांगून टाकलं. नात्यातलं घर, म्हणजे फॉर्म बाद. बावीस वर्षांत मावशींचा एकही फॉर्म बाद झाला नव्हता, त्यामुळे बाईंनाच वाईट वाटलं.

"टाका बाद," मावशी म्हणाल्या. "नाहीतरी त्यातला एक आकडा कालपासून चुकलाय."