प्रमुख पाहुणे म्हणून आलेले डॉक्टर

मंडळी, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ आणि आमच्या गल्लीतले सलीमभाई मेकॅनिक, दोघेही एकेकाळचे बॉक्सिंगमधले हेवीवेट चॅम्पियन. एकमेकांशी मात्र कधी लढले नव्हते. ती हौस यवतमाळने आज सकाळी भागवली, दोघांची साठी आल्यावर!

"घरचाच मामला आहे ताई, तपासणी कायले?" आयोजक म्हणाले. डॉक्टर होते, पण प्रमुख पाहुणे म्हणून, व्यासपीठावर.

दुसऱ्याच फेरीत भाऊ आडवा झाला. लोक शिट्ट्या मारत होते. सलीमभाईच ओरडले, "अरे, तो उठून नाही राह्यला! डॉक्टरले बोलवा!" तिकडे डॉक्टरांना शाल पांघरवणे चालू होते. कॉन्व्हेंट शाळेत शिकलेले सगळे शिष्टाचार गुंडाळून मी त्यांना शालीसकट खाली ओढून आणले.

भावाने डोळे उघडले, मला ओळखले. जीव भांड्यात पडला. पण आत्ता स्कॅनला नेताना तो म्हणाला, "ताई, चाल ना लवकर, मॅच सुरू होऊन जाईन."

मला फार भीती वाटते आहे. तुमच्या घरी कुणाला असे झाले होते का? माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो ना?