राख नसलेली चूल

"माय गेली," एवढंच जनामामीची सून सुनंदावहिनी फोनवर बोलली. मी तहसील कचेरीच्या पायरीवर पत्रकं वाटत होतो. वर ठळक मथळा : 'एका घरात दोघीच काहून?' जिच्यामुळं ते पत्रक लिहिलं तीच गेली... उरलेली पत्रकं वाटली, बसस्टँडवर गेलो. त्याला काही आठवडे झाले, अजून एका जागी बसवत नाही.

जनामामी माझी सख्खी मामी. दिघोरीत धानाची शेती, दोन मुलगे, दोन सुना, चूल एकच. तिघी बायकांना महिन्याची सरकारी मदत मिळायची. सुनांचे पैसे घरात जायचे, मामीचे पदराच्या गाठीत. त्यातून ती एसटीनं कारध्याला बहिणीकडे जायची. थोरला म्हणायचा, "मी देतो न माय तिकिटाले." मामी फणकारायची, "तुह्या पैशानं गेली त वापस कवा येशीन, हे तू इचारशीन. माह्या पैशानं गेली त मी ठरवीन."

मग नियम आला, एका घरात दोघींनाच मदत. म्हणजे तिसरीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? सासू-सुनांत भांडण लावायचं आणि त्याला काटकसर म्हणायचं! वेगळी चूल असेल तर वेगळं घर धरतात, असं कळलं आणि गावात सपरीसपरीत, घरापुढच्या पडवीत, नव्या चुली उभ्या राहिल्या. मामीनंही घातली. लाल मातीची, देखणी. पण पेटवेना.

"पोरं जित्ते असताना वेगळी चूल पेटवू? येडा झाला का रे पोट्ट्या?"

"नाटकच तर करायचं हाय, मामी."

"मंडईच्या जत्रेतल्या नाटकात बी चूल पेटवत नाही कोणी!"

तपासणीच्या बाई भर उन्हात आल्या. मामीनं खाट टाकली आणि आत हाक मारली, "सुनंदा, बाईले चाय ठेव वो!" चहा आतून आला. बाईंनी तो प्यायला, कप ठेवला आणि नव्या चुलीत हात घातला.

"आजी, हिच्यात तर राखच नाही."

"कशी राहीन? माही चूल आतमंदी हाय न!" मामी अगदी ऐटीत म्हणाली.

नाव कटलं. मी गावभर ओरडत सुटलो, मामीवरही ओरडलो. ती म्हणाली, "उन्हातून आली होती थे. चाय नको पाजू?"

दिवाळीनंतर कारध्याची मंडई भरली. मामी गेली नाही. मुलांनी पैसे पुढं केले, "पाय दुखते" म्हणाली. मी म्हटलं, गाडीवर नेतो. "मंग तू म्हणशीन तवा निघा लागन." बहिणीला फोनवर "येतो न, पाहू" म्हणत राहिली. शेवटी बहीणच आली, मामीला शेवटचं न्हाऊ घालायला.

आता घरात दोघीच बायका. घर नियमात चपखल बसतं. हे मला गिळवत नाही.

परवा गेलो तर सुनंदावहिनी सपरीतली ती चूल सारवत होती. माझं डोकं फिरलं. "कायले सारवता? मोडून टाका न!"

"मोडू कायले, भाऊजी?" तिनं वर पाहिलं नाही. "पाहा न, राख नाही. माय एक दिस बी वेगळी नाही राहिली आमच्यापासून."

आणि ओला हात तिनं चुलीच्या आतून फिरवला.