मोठी टिकली कुठं होती

माझी बायको पेटी वाजवायची आणि मी मेंढरं वळायचो. दोघांपैकी कोणाचे हात पेटीवर शोभतात हे सांगायला पंडित लागत नाही. पण ती गेली आणि मी राहिलो.

उद्या तिचं वर्षश्राद्ध आहे. संध्याकाळी भजनीमंडळाच्या बायका येणार. त्यांची पेटी तीच वाजवायची, त्यामुळं आता त्यांच्याकडं वाजवणारं कोणी नाही. महिन्यापूर्वी त्या माझ्या ओट्यावर बसून ठरवत होत्या, की भोकरदनहून एक पेटीवाला बोलवू. मी आतून ऐकत होतो. ऐकता ऐकता डोकं तापलं. बाहेर येऊन म्हणालो, "तिच्या पेटीवर भाड्याची बोटं न्हाई फिरणार. मी वाजवीन."

मंग शेजारची बाई म्हणाली, "दाजी, पेटीला चारा न्हाई टाकावा लागत. सूर लागतो."

ती मला दाजी म्हणते, कारण माझ्या बायकोला तिनं बहीण मानलं होतं. त्यामुळं मला टोमणे मारायचा हक्क तिला कायमचा मिळालाय. मी म्हणालो, "सगळी भजनं न्हाई वाजवणार. पहिलं एक. पुढची तुमी टाळ्यांवर म्हणा." त्यावर ती म्हणाली, "बरं. आदल्या दिवशी मी येईन ऐकायला. जमलं तर जमलं. न्हाईतर त्या माणसाला फोन करीन, त्याला सांगून ठेवते. रागवायचं न्हाई."

तो आदला दिवस म्हणजे आज.

वर्षभर ती पेटी ट्रंकेवर गोधडीत बांधून ठेवलेली होती. महिन्यापूर्वी सून संभाजीनगरहून आली तेव्हा तिनं ती सोडली, ओल्या फडक्यानं पुसली, वरून तेलाचा हात दिला. पेटी नव्यासारखी चमकली. पोरगी कामसू आहे, त्यात वाद नाही. बायकोनं पट्ट्यांवर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. कपाळाला लावायच्या त्याच, लाल. ती शाळेत गेली नव्हती. देवळातल्या एका म्हाताऱ्या भजनकऱ्याकडं बसून शिकली, तेही पोरांची लग्नं झाल्यावर. कोणत्या पट्टीवर बोट ठेवायचं त्याची खूण म्हणून टिकल्या. त्यातली एक मोठी होती, बाकीच्या बारक्या.

मी चौथीपर्यंत गेलो, पण पेटीपुढं मी तिच्याहून अडाणी. मला तेवढ्या टिकल्याच समजत होत्या. म्हणून महिनाभर मी तेच केलं. सकाळी चहा झाला की पेटी पुढ्यात, डाव्या हातानं भाता, उजव्या हाताचं बोट टिकलीवर. मोठी टिकली म्हणजे सुरुवात, एवढं मला माहीत होतं. चाल तर मला पाठच होती. इतकी वर्षं कानावर पडलेली चाल, झोपेतसुद्धा गुणगुणता येईल. पण पेटीतून ती निघत नव्हती. भलतंच काहीतरी निघायचं. चार सूर नीट जायचे आणि पाचवा असा यायचा, की वाटायचं दातात खडा आला. मी म्हणायचो बोटं जाड आहेत. काठी धरून, ऊस तोडून, कासरा ओढून घट्टे पडलेत, ती काय वाजवणार. म्हणून आणखी घासायचो. कधी पेटीवर बुक्की मारावीशी वाटायची. मारली नाही. तिची आहे.

आज सकाळी गल्ली मोकळी होती. सगळे कापूस वेचायला गेलेले. कुत्रंसुद्धा कोणाच्या तरी मागं शेतात गेलेलं. मी भाकरी खाल्ली, ताट धुतलं, पेटी काढली. तेवढ्यात मुलाचा फोन.

"आबा, उद्या येताना नवा टीव्ही आणतोय. भिंतीवर लावायचा. ते जुनं डबडं चालतंय का बघून ठेवा."

"कशाला?"

"चालत असंल तर कोणाला तरी देऊन टाकू. न्हाईतर भंगारात."

आमचा टीव्ही जुना आहे, मागून ढेरी असलेला. वर्षभर तो लावलेला नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर गाणं-बजावणं, टीव्ही काही लावायचं नाही, असं आमच्याकडं पाळतात. पेटीचं मी विचारून घेतलं होतं. शेजारची बाई म्हणाली होती, भजनाला काही अडत नाही, देवाचंच आहे. टीव्हीचं विचारलं नव्हतं, कारण मला लावायचाच नव्हता. बघणार कोणासोबत.

तरी मुलगा म्हणाला म्हणून त्याच्यावरचं कापड काढलं, पिन लावली, बटण दाबलं. काही झालं नाही. वर बघितलं तर पंखाही बंद. लाईट गेलेली. मी म्हणालो, जाऊ दे, नंतर बघू. आणि पेटीपुढं बसलो.

टीव्हीवरून आठवलं म्हणून सांगतो. बायकोची एक विचित्र सवय होती. ती सरावाला बसायची तेव्हा टीव्ही चालू करायची आणि त्याचा आवाज पूर्ण बंद करायची. मी खाटेवर बसून बघायचो. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवायची.

"अगं, आवाज तरी कर. ती माणसं मुकी झाली काय?"

"तुमाला आवाज कशाला पाहिजे? गावाला बातम्या तुमीच सांगता."

"मंग बंद तरी कर. उगंच लाईट जळून राह्यली."

"बंद न्हाई करायचा."

कारण तिनं कधी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. मला वाटायचं बाईला चित्रं बघायची हौस आहे. पण ती बघायचीही नाही. डोळे मिटून बसायची आणि बोट बराबर टिकलीवर जायचं.

दुपारी शेजारची बाई आली. डोक्याला पदर बांधलेला, शेतातून थेट. उंबऱ्यातच बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "चला दाजी, होऊ द्या."

मी वाजवलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, न थांबता. मला वाटलं, न थांबता वाजवलं म्हणजे निम्मं काम झालं.

ती तांब्या हातात धरून बसली होती. म्हणाली, "हे काय होतं?"

"पहिलं भजन."

"कोणाचं?"

"चेष्टा नका करू, बाई."

"चेष्टा न्हाई करून राह्यले. त्याची चाल अशी न्हाई. तुमी सुरुवातच भलतीकडून करून राह्यले. आन् हे महिनाभर असंच चालू हाये. मी भिंतीपलीकडून रोज ऐकते."

"मंग महिनाभर सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? बायको गेलेला माणूस, एकटा बसून पेटी कुटतोय. म्हटलं, रडण्यापेक्षा हे बरं."

मला राग आला. तिच्यावर नाही, त्या 'बरं' शब्दावर. मी म्हणालो, "मंग सांगा, कुठून सुरू करायची ती?"

ती पेटीजवळ आली. टिकल्यांकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. ह्या कोणी लावल्या?"

"तिनंच."

"न्हाई हो. तिच्या अशा न्हवत्या. ह्या बघा, एक सोडून एक, एक सोडून एक. मोठी मधोमध. ही काय पेटी हाये का चौरंग?"

तेव्हा मला समजलं. सुनेनं ओल्या फडक्यानं पुसताना टिकल्या निघाल्या असणार. आणि तिनं चांगल्या मनानं परत चिकटवल्या. एकसारख्या अंतरावर, मोठी मधे, रांगोळीसारख्या. शोभा म्हणून. आणि मी येडा महिनाभर शोभा वाजवत बसलो होतो.

"मंग खऱ्या कुठं होत्या?" मी विचारलं.

"मला काय माहीत? आम्ही तिच्या मागं गात होतो. मोठ्या टिकलीपासून सुरू करायची, एवढंच बघितलंय. मोठी कुठं होती ते कोणी बघतं का?" ती उठली. "दाजी, फोन करते मी त्या माणसाला. तुमी कष्ट केले, तिला पोचले समजा."

"दिवेलागणीपर्यंत थांबा."

"काय होणार दिवेलागणीपर्यंत?"

"थांबा म्हणालो ना."

ती गेली. जाताना म्हणाली, "दिवेलागण. त्याच्या पुढं न्हाई. त्याला बस पकडायची असती."

मी सगळ्या टिकल्या नखानं काढल्या. तेलाच्या पट्ट्यांवर लावलेल्या, त्यामुळं मागं डाग न ठेवता निघाल्या. एकेक करून पेटीच्या फळीवर ठेवल्या. उघड्या पट्ट्यांकडं बघितलं आणि घाबरलो, खरं सांगतो. मेंढरांच्या कळपात मी एक हरवलेलं कोकरू आवाजावरून ओळखायचो. पण इथं पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची रांग, सगळ्या एकसारख्या. कुठूनही सुरू केलं तर कुठंतरी अडकायचं. एका पट्टीपासून धरलं तर दुसऱ्या ओळीत खडा. दुसरीपासून धरलं तर पहिल्याच ओळीत. बहुतेक एखादी काळी पट्टी मधे लागत असावी, पण कोणती?

मी बसून राहिलो. एकदा वाटलं, बाई खरं बोलली, तिला पोचलं. मंग वाटलं, पोचलं कशावरून? दवाखान्यात नेली तेव्हा बोलत होती, आणली ती झाकून. त्या दिवसापासून तिला काही पोचवायला मला जमलेलं नाही. निदान हे एक.

बोट एका पट्टीवर ठेवलं होतं आणि भाता नुसताच हलत होता, तेवढ्यात लाईट आली.

पंखा फिरला. आणि कोपऱ्यातला टीव्ही, ज्याचं बटण मी सकाळी दाबून विसरलो होतो, तो चालू झाला. जुना आहे, एकदम नाही होत. आधी कडकड केली, मंग पडदा उजळला. पडद्यावर नुसत्या मुंग्या, कारण केबल कधीच बंद केलेली. आवाज शून्यावर. शेवटी तिनंच तो शून्यावर करून ठेवला होता, त्यानंतर कोणी हात लावलेला नव्हता.

आवाज शून्यावर होता, तरी टीव्ही गप्प नव्हता. त्याच्या पोटातून बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता. एकसारखा. खाली नाही, वर नाही. इतकी वर्षं तो येतच असणार. पण मी त्या मुक्या तोंडांकडं बघत होतो. वर्षभर घर मुकं होतं म्हणून आज ऐकू आला.

माझं बोट ज्या पट्टीवर होतं तिचा सूर त्या आवाजाशी भांडत होता. दोन कुत्री एकमेकांवर गुरगुरावी तसा. मी पुढच्या पट्टीवर गेलो. तिथंही भांडण. त्याच्या पुढची. त्याच्या पुढची. आणि मंग एक पांढरी पट्टी आली आणि भांडण मिटलं. कडी कोयंड्यात बसावी तसा पेटीचा सूर टीव्हीच्या पोटात जाऊन बसला. अगदी बराबर नाही, केसभर इकडं-तिकडं, पण पेटीही म्हातारीच आहे.

बोट उचललं तर पट्टीवर चिकट लागलं. वाकून बघितलं. टिकलीच्या डिंकाचा गोल डाग होता. मोठ्या टिकलीएवढा. फडक्यानं टिकली निघाली होती, डिंक राहिला होता.

मी मान वळवून टीव्हीकडं बघितलं.

म्हणजे ती चित्रं बघत नव्हती. तिच्याकडं तंबोरा नव्हता, आणि घ्या म्हणून ती कधी बोललीही नाही. घरात जे एकसारखं गुणगुणतं त्याचाच तिनं तंबोरा केला. आणि मी म्हणत होतो, लाईट जळून राह्यली.

मंग मी कामाला लागलो. रडायला उद्याचा दिवस आहे. एकेक पट्टी बोटानं चाचपली. जिथं चिकट लागलं तिथं टिकली. बाकी सगळ्या पांढऱ्यांवर निघाल्या, फक्त एक काळीवर. तिथंच माझा खडा होता. फळीवरच्या बारक्या टिकल्या घातल्या, पण मोठीचा डिंक पार संपलेला. चिकटेना. थुंकी लावून बघितली, चिकटेना.

आरशाच्या कडेला तिच्या टिकल्या अजून आहेत. रात्री काढून लावायची, सकाळी पुन्हा कपाळावर. मी त्यांना वर्षभर हात लावलेला नाही, आरसा पुसतानाही कडा सोडून पुसतो. आज गेलो आणि एक मोठी काढली. आरशावर तिची गोल जागा राहिली. राहू दे.

ती पट्टीवर लावून मी वाजवायला घेतलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत काळी पट्टी आली, बोट घसरलं. पुन्हा. घसरलं. पुन्हा. गल्लीत माणसं शेतातून परतायला लागली, चुली पेटल्या, धूर आला. मी उठलो नाही. पाठ दुखायला लागली तर भिंतीला टेकलो आणि पेटी मांडीजवळ ओढली. टीव्ही मुंग्या दाखवत घूं करत होता. एकदा ओळ सरळ गेली. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सापडली नसती.

तिसऱ्यांदा सरळ गेली तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. शेजारची बाई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज बंद झाला आणि ती त्या ओळीत गायला लागली. मोठ्यानं नाही, तव्यापुढं बसून बाई गाते तसं. मी वाजवत राहिलो, ती गात राहिली. ओळ संपली.

"दाजी!"

"काय?"

"आता बराबर. पण भाता हळू मारा. म्हशीचं दूध न्हाई काढून राह्यले तुमी."

"त्या माणसाला फोन केला का?"

"केला. येऊ नको म्हणून सांगितलं." ती पुन्हा भाकरी थापायला लागली आणि म्हणाली, "दुपारीच केल्ता. तुमी जिद्दीचे हायेत, ती सांगायची."

मी मुलाला फोन केला. म्हणालो, "टीव्ही चालतोय. कोणाला द्यायचा न्हाई."

"आबा, चालतोय म्हणजे? केबल तर न्हाई."

"चालतोय म्हणालो ना. तुझा नवा दुसऱ्या खोलीत लाव."

माझं वाजवणं अजून चांगलं नाही. दुसऱ्या ओळीतली ती काळी पट्टी उद्याही एखाद्या वेळी दगा देईल. दिली तर पुन्हा पहिल्यापासून धरीन. बायका थांबतील. नाही थांबल्या तर एकटा वाजवीन.

उद्या वर्ष पूर्ण होतंय, तेव्हा टीव्ही लावायला कोणाची मनाई नाही. बायका बसल्या की मी तो चालू करणार आणि आवाज शून्यावर ठेवणार. कोणीतरी नक्की म्हणणार, दाजी, आवाज तरी करा. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला माहीत आहे.