बसून चढायचा घाट

तेरच्या शिवपुत्र कोरेची पांढरी मोटार म्हातारी होती, छोटी होती आणि तिसऱ्या हातची होती. पण बापानं दिलेलं पेंडीचं दुकान आणि आईनं लाडानं वाढवलेलं अंग यापेक्षा त्याला अभिमान त्या मोटारीचाच जास्त. ती त्यानं स्वतः निवडून घेतली होती ना! गावात त्याला सगळे अप्पा म्हणत आणि मोटारीला अप्पाची डबी. डबी म्हटलेलं त्याला आवडत नसे, पण पेंड उधारीवर नेणाऱ्यांशी भांडून चालतं का?

रोज सकाळी ही डबी धाराशिवला जायची. शेजारी बायको मल्लम्मा बसायची, मांडीवर कडक भाकरीचं गाठोडं घेऊन. धाराशिवच्या दुकानांना ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरवायची. आता घरी नवराबायकोचं बोलणं म्हणजे काय, गॅस संपला आणि पाणी आलं. खरं बोलणं व्हायचं ते गाडीत. तेर सोडलं की मल्लम्मा तोंड उघडायची आणि धाराशिव येईपर्यंत अख्ख्या भावकीचा निकाल लावून मोकळी व्हायची. शिवपुत्र मान हलवत गाडी हाकायचा. त्याला दिवसातलं हेच सगळ्यात गोड वाटायचं, फक्त तसं तो मेला तरी बोलला नसता.

मल्लम्माचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या सीमेला लागून. तिकडून येताना तुळजापूरचा घाट चढावा लागतो. सपाटीवर गरीब गाईसारखी चालणारी गाडी घाटाला लागली की धापा टाकायची आणि मधल्या वळणावर बसकण मारायची. मग शिवपुत्र खाली मान घालून म्हणायचा, "मल्लम्मा, उतरतीस का जरा?" मल्लम्मा उतरायची, गाडी रडतखडत वर जायची, ती मागून चालत यायची. तिनं बरेच दिवस सोसलं.

पण गेल्या उन्हाळ्यात ती अशीच पिशवी काखोटीला मारून घाट चढत असताना मागून सोलापूरकडची भाविकांची बस आली, आणि खिडकीत नेमकी तिची चुलत जाऊ शिवलीला. शिवलीलानं अर्धं अंग बाहेर काढून विचारलं, "अगं बया, मल्लम्मा! देवीला चालत यायचा नवस बोललीस व्हय?" सगळी बस हसली. ड्रायव्हरनं दया येऊन गाडी थांबवली आणि मल्लम्मा बसमध्ये चढली. घाटाच्या डोक्यावर शिवपुत्र नवरदेवासारखा नटून वाट बघत उभा होता, त्याच्या नाकासमोरून ती बसमधून गेली.

तुळजापूरच्या स्टँडवर त्यानं तिला गाठलं तेव्हा ती एकच शब्द बोलली, "साकु!" मल्लम्मा चिडली की कन्नडवर यायची, आणि तिच्या तोंडून साकु निघालं की पुरे म्हणजे पुरे. दुसऱ्या दिवसापासून ती गाठोडं घेऊन एसटीनं धाराशिवला जाऊ लागली. शिवपुत्र रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागं मागं. तिला वाटेत काही लागलं तर असावं म्हणून, असं तो सांगायचा. एसटीत काय लागणार तिला?

शेवटी त्यानं विचारलंच, "परत कवा बसणार गाडीत?"

"पंचमीला माहेरी चाललेय," मल्लम्मा म्हणाली. "तुमी आणायला या. घाट बसून चढले तर बसंन रोज. मधी उतरवलं, तर हा जलम एसटीचा."

शिवपुत्र थेट धाराशिवला धुळाप्पाच्या गॅरेजवर गेला. म्हणाला, "धुळाप्पा, गाडीची हॉर्सपॉवर वाढवायची. पण परवडलं पायजे."

धुळाप्पानं हात पुसले. "टर्बो बशिवता येतो. पण तेवढ्या पैशात दुसरी गाडी येती."

"मोठं इंजिन?"

"येतं की. मग बॉनेट लागत न्हाय. उघडं ठेवून हाकावी लागंल."

"मग स्वस्तात काय हाय?"

"स्वस्तात," धुळाप्पा विचार करून म्हणाला, "आवाज हाय."

तर आधी आवाज आला. धुळाप्पानं मोठ्या तोंडाचा सायलेन्सर बसवला आणि डबी वाघासारखी डरकाळ्या फोडू लागली. तेरमध्ये एका म्हशीनं दावं तोडलं. एसटीचा ड्रायव्हर मागं ट्रक आला समजून बाजू द्यायचा आणि बराच वेळ वाट बघून, कुणी पुढं येत नाही म्हणून, आपणच पुढं जायचा. आवाज धाराशिवला पोचायचा तेव्हा गाडी अजून वाटेत असायची.

मग मोबाईलवर जाहिरात बघून शिवपुत्रनं एक चिप मागवली. ती गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची असते. आता या गाडीत कॉम्प्युटर सोडा, धड घड्याळ नव्हतं. पण आलेली वस्तू परत कशी करायची? त्यानं ती चिकटपट्टीनं समोर चिकटवली. तिचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि काही दिवस त्याला खरोखर वाटलं, गाडी ओढतीय हां! फरक पडला होता, पण तो शिवपुत्रला.

शेजारचा रामहरी हा फुकटच्या सल्ल्यांचा घाऊक व्यापारी. तो म्हणाला, "अप्पा, ताकद वाढवायला पैसं लागतात. वजन कमी करायला काय लागतंय?" शिवपुत्रला हे ब्रह्मज्ञानच वाटलं. त्यानं मागची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅक, पायपुसणी, राख झाडायची वाटी, सगळं काढून पेंडीच्या पोत्यांवर रचलं. गाडी आतून रिकाम्या कणगीसारखी दिसायला लागली. एवढ्यावर थांबला असता तर शहाणा म्हटला असता. पण रात्री जेवताना तो मल्लम्माला म्हणाला, "मी काय म्हणतो, तू माहेराहून येताना जराशी, म्हणजे पाच-सहा किलो, कमी होऊन आलीस तर..."

मल्लम्मानं त्याच्या ताटातली भाकरी उचलली आणि दुरडीत ठेवली. "माहेराहून कुणी बारीक होऊन येतं व्हय? माझ्या भावाचं नाक कापायचंय का? तुमच्यापासूनच करू की सुरवात." त्या रात्री शिवपुत्र ताकावर झोपला.

आता उरला महादेव. तसा शिवपुत्रचा गाडीचा नेम पहिल्यापासून कडक होता. सकाळी लिंगपूजा झाली की तो बॉनेट उघडायचा, बॅटरीवर विभूतीची तीन बोटं ओढायचा आणि इंजिन जिथून श्वास घेतं त्या काळ्या नळीच्या तोंडात चिमूटभर विभूती सोडायचा. माणसाच्या कपाळाला लावतात, गाडीला कपाळ कुठलं? म्हणून नाकात. गाडीचा दम कमी पडत गेला तशी त्यानं भक्ती वाढवली. चिमटीची मूठ झाली. पंचमी जवळ आली तशा दोन मुठी. तरी गाडी दिवसेंदिवस मरगळतच चालली होती. भक्तीत कुठं खोट राहिली हे काही त्याला कळेना.

शेवटचा उपाय म्हणून धुळाप्पा दुसऱ्या गाडीचा जुना कार्बोरेटर बसवायला तयार झाला. त्यासाठी त्यानं एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि भसकन राखाडी ढग उठला. खोकत खोकत तो ओरडला, "सिमेंट भरलंय का काय अप्पा?"

शिवपुत्रनं बोट लावून वास घेतला. "न्हाय रं. विभूती हाय ती."

धुळाप्पाच्या हातातला पाना गळाला. तोही महादेवाचाच माणूस. ही राख गटारात टाकायची कशी? त्यानं चपला काढल्या, स्वच्छ कागद अंथरला, फिल्टर झटकून सगळी विभूती पुडीत बांधली, आधी स्वतःच्या कपाळाला लावली, मग गॅरेजमधल्या सगळ्यांच्या. पंक्चर काढायला आलेल्या एका गिऱ्हाइकाचीही सुटका झाली नाही. मग त्यानं नवा फिल्टर बसवला. चहापाण्याच्या खर्चात काम झालं.

"इतकं दिस बोलला न्हाईस?" शिवपुत्र चिडून म्हणाला.

"तुमी वाढवायला सांगितलं, म्या वाढवत गेलो. कमी कशानं झालं ते तुमी कवा इचारलं?"

शिवपुत्रनं सवयीनं पाय पार खाली दाबला आणि गाडी अशी उसळली की शेजारच्या चहावाल्याचं बाकडं उडालं. बाकडं भरून देताना त्याला इतका आनंद झाला होता की चहावाल्याला वाटलं, हा शुद्धीवर नाही.

पंचमीनंतर तो छाती काढून सासुरवाडीला गेला. मेव्हणा अमरनाथ मोठ्या मनाचा. त्यानं गाडीत डोकावून बघितलं. मागची सीट नाही, केवढी जागा! "दाजी, हे झ्याक केलंत," म्हणत त्यानं ज्वारीचं पोतं चढवलं, मग तुरीची डाळ, मग शेंगा, मग दोन भोपळे, आणि बहिणीला हवा होता म्हणून दगडी पाटा-वरवंटा. माहेरचं देणं नको म्हणायची हिंमत कुणात असते? शिवपुत्र नुसता बघत राहिला आणि गाडी मागून खचत गेली.

घाट लागला. पहिलं वळण गाडीनं हसत घेतलं, दुसरंही. मल्लम्मा इतक्या महिन्यांनी बोलायला लागली होती आणि शिवपुत्रचं काळीज सुपाएवढं झालं होतं. आणि शेवटच्या उभ्या चढाला गाडीनं मान टाकली. पहिला गिअर, पूर्ण पाय, वाघाची डरकाळी, आणि बंद. गाडी मागं सरकायला लागली तसा त्यानं हँडब्रेक ओढला.

तो कपाळाचा घाम पुसू लागला. ज्वारी उतरवावी तर ती माहेरची. मल्लम्माला उतरवावं तर हा जन्म एसटीचा. मल्लम्मा हाताची घडी घालून समोरच्या काचेतून सरळ बघत होती, पण तिचा खालचा ओठ जरासा हलत होता. तिलाही एसटी नकोच होती, हे त्याला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं.

"तू बस," तो म्हणाला. "मीच उतरतो."

तो उतरला आणि गाडी वीतभर वर उचलली गेली. मग त्याच्या लक्षात आलं की आता हाकणार कोण? तो दार धरून तसाच उभा राहिला. मल्लम्मानं पदर खोचला, सरकून त्याच्या जागेवर बसली, एका झटक्यात सीट पुढं ओढली, चावी फिरवली, आणि एक बोटभरही मागं न सरकता गाडी चढाला लावली. भोपळे, वरवंटा, डरकाळी, सगळं वळणावरून दिसेनासं झालं. शिवपुत्रचं तोंड उघडं ते उघडंच. मागून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "मामा, येता का?" त्यानं नको म्हणून मान हलवली आणि तो चालत राहिला.

वर झाडाखाली गाडी उभी होती. मल्लम्मा शेंगा फोडत बसली होती.

"कवा शिकलीस?" श्वास आल्यावर त्यानं विचारलं.

"लग्नाआधी, अमरनाथच्या टेम्पोवर. लायसन बी हाय. माहेरी गेलं की तिकडंच वाढवून आणते." तिनं त्याच्या हातावर शेंगा ठेवल्या. "माझी गाडी, माझी गाडी करून मिरवत होता. म्हणलं, मिरवू द्यावं."

तो उजव्या दाराशी थोडा घुटमळला. मल्लम्मा जागची हलली नाही. मग तो वळसा घालून डावीकडं बसला. गाडी चालू झाली आणि मल्लम्माही चालू झाली: शिवलीलाच्या सुनेचं काय झालं, भावजय कशी वागली, कुणाचं कुठं चुकलं. हाताला स्टिअरिंग नाही, पायाला क्लच नाही. शिवपुत्रला ऐकण्यावाचून दुसरं काम उरलं नव्हतं. तो ऐकत गेला आणि धाराशिवच्या अलीकडं त्याच्या तोंडून निघून गेलं, "न्हाय, मल्लम्मा. भावजयीचं बराबर हाय. तुझंच चुकलं."

मल्लम्मानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि त्याच्याकडं वळून बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं तिला असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"काय म्हणलात? परत सांगा."

त्यानं परत सांगितलं. त्या दिवशी तेरला पोचायला त्यांना नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.